तांडेलांची होडी

"हे ठिगळ खाली आलं. उचल," अण्णा म्हणाले.

लेकीने तपकिरी ठोकळा उपटला आणि एक रांग वर बसवला. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या कवळ्या घडवणारी बाई ती, केसभर चूक तिलाही खपत नसे. पण अण्णांपुढे तिने हात टेकले होते.

जेवणाच्या टेबलावर दीड हात लांबीची मालवाहू होडी उभी राहत होती, खेळण्यातल्या ठोकळ्यांची. नदीवरची खरी होडी केव्हाच मोडीत निघाली. आता संग्रहालयाने तिच्या प्रतिकृतीची स्पर्धा ठेवली होती. पहिला नंबर दारातल्या काचेच्या कपाटात बसणार, आणि ज्याच्या आठवणीतून ती घडली त्याच्या नावाची पितळी पाटी खाली लागणार.

लेकीला ती पाटीच हवी होती. अण्णा वीस वर्षं त्या होडीचे तांडेल होते, सुकाणू त्यांच्याच हातात असे, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. गल्ली मात्र "काय तांडेल, आज वारा कुठला?" म्हणून खिदळायची. समोरचा शिंपी तर तोंडावर म्हणायचा, "पुरावा दाखवा की!" मरायच्या आधी अण्णांनी एकदा तरी या लोकांची तोंडं बंद झालेली बघावीत, एवढंच तिला वाटे.

आठवण तर लख्ख होती. डोलकाठी मधोमध लावली तेव्हा अण्णा कडाडले, "चार ठोकळे पुढे घे! प्रवाहाविरुद्ध ओढताना मधे दोर बांधलास तर होडी काठावर येऊन आदळेल." डाव्या अंगाला पायरीसारखी उतरती तीन ठिगळं, चौथं अर्धचंद्रासारखं, त्याखाली जुन्या रंगाचा ओघळ. डोळे मिटून सांगायचे.

"आणि उजवी बाजू?"

"ती फोटोत बघून कर. सगळं मलाच विचारशील?"

"बरं, केबिनमध्ये काय काय होतं?"

"दार बंद ठेव. तांडेल काय आत लोळत पडतो?"

बोलता बोलता त्यांचा हात उजव्या खांद्यावर जाई. तिथे तळहाताएवढा घट्टा होता. सुकाणू रेटून रेटून पडलाय, असं ते सांगत.

निकालाच्या दिवशी संग्रहालयात ही गर्दी! शिंपीही आला होता, फजिती बघायला. संग्रहालयाच्या प्रमुख बाई होडीभोवती दोनदा फिरल्या, डाव्या बाजूला वाकल्या आणि वाकूनच राहिल्या.

बाईंनी आतून कापडात गुंडाळलेली एक मोठी फळी मागवली. त्याच होडीची, गेल्या महिन्यात नदीच्या गाळातून निघालेली, अजून कुणालाही न दाखवलेली. तीन ठिगळं उतरती, चौथं अर्धचंद्रासारखं.

"आमच्याकडचे सगळे फोटो होडी प्रवाहाविरुद्ध ओढून नेताना गावाच्या काठावरून काढलेले, उजव्या बाजूचे," बाई म्हणाल्या. "पलीकडच्या काठावर कॅमेरा घेऊन जातंय कोण! डावी बाजू कशी होती हे आज पहिल्यांदा कळलं. पहिला नंबर हाच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात आधी शिंप्याने वाजवल्या, हे विशेष. लेक एकदम हसू-रडू लागली. आनंद तिच्या अंगात मावेना. "ऐकलंत ना?" ती शिंप्याकडे वळून म्हणाली. "वीस वर्षं तांडेल होते माझे अण्णा!"

"पाटीवर तसंच लिहू ना?" बाईंनी विचारलं. "पण आजोबा, सुकाणूपाशी बसून होडीची बाहेरची बाजू इतकी तोंडपाठ कशी हो झाली?"

अण्णांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा काचेच्या कपाटाकडे. मग ते ताठ उभे राहिले, शर्टाची दोन बटणं सोडून त्यांनी तो खांदा उघडा केला आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"काठावरून दोर ओढणारा, असं लिहा बाई. होडीत मी कधी चढलोच नाही."