पाठीवरचं मूल

न्यामिझीची धाकटी लेक होलो पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्याच वर्षी कापसाच्या गोदामात मोठ्या माणसांची शाळा सुरू झाली.

त्या दुपारी मास्तरने भिंतीवर नवा तक्ता टांगला होता. पाठमोरा माणूस, अंगावर कातडी नाही, सगळा लालभडक.

"अगं बाई, ह्याला कुणी सोलला बोकडासारखा?" मिन्झा म्हणाली.

"बायकोने. बाजारातून उशिरा आला असणार," दुसरी एक म्हणाली.

बायका फिदीफिदी हसल्या. न्यामिझी हसली नाही. ती दाराशी उभीच होती. सात दिवसांचा नातू तिने कांग्याच्या रंगीत कापडाने पाठीशी बांधला होता. होलोला जरा झोपू दे, असं घरी सांगून ती निघाली होती. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळपासून पोर अंगावर पीत नव्हतं. तोंडच उघडत नव्हतं. आठ मुलं तिने या पाठीवर वागवली होती. डोळ्यांना आणि हातांना जे कळत नाही, ते तिच्या पाठीला कळायचं. म्हणून तिने त्याला पाठीवर घेतलं, आणि घेतल्यापासून तिला आपल्याच पाठीची भीती वाटत होती.

"आज पाठ शिकायची," मागेम्बे मास्तर म्हणाला. विशीतला पोरगा, हातात काठी. "मान. खांदा. खांद्याचं पातं. मधोमध कणा. म्हणा."

बायकांनी म्हटलं.

"आणि हे स्नायू. मांसाचे दोर म्हणा. मानेपासून खांद्यांवर पसरलाय तो डोक्यावरची घागर तोलतो. काखेखालून कमरेपर्यंत गेलाय तो मुसळ खाली ओढतो. आणि कण्याच्या दोन्ही अंगांना हे दोन लांब दोर. ते आवळले की माणूस ताठ होतो. सैल सुटले की वाकतो. उठा, करून बघू."

"मास्तर, सकाळपासून कापसात वाकूनच होतो की आम्ही!" मिन्झा कुरकुरली, पण उठली.

बायका वाकल्या. न्यामिझीही वाकली. आपण वाकलो की पाठीवरचं मूलही वाकतं, त्याचा गाल आपल्या पाठीत रुततो. हे वाकलं नाही. मोळीतल्या लाकडासारखं बांधल्या जागी राहिलं.

"डावीकडे वळा."

ती वळली. पोर अख्खं एकदम वळलं.

तिचा तिसरा मुलगा असाच ताठ होऊन गेला होता. गावात या दुखण्याला पाखराची सावली म्हणत. पण या खेपेला दवाखान्यातली नर्स आधीच घरी येऊन सांगून गेली होती, पातं उकळून घ्या, नाळेला काही लावू नका, त्यानेच हे होतं. कळा देता देता होलोनेही विचारलं होतं, "आई, पाणी ठेवलंस का?" आणि न्यामिझी म्हणाली होती, "तुझी नाळ याच पात्याने कापली. मेलीस का तू?" तंबाखू कापायचं पातं. वर नाळेला शेणाची राख.

"सरळ व्हा!" मास्तरने काठी तक्त्यावर सपकन मारली. गोदामाचा पत्रा घुमला.

तिच्या पाठीवर काहीतरी ताणलं गेलं. पोराचं डोकं मागे गेलं, टाचा मागे गेल्या आणि पोट तेवढं तिच्या कण्यावर दाबलं गेलं. धनुष्य ओढावं तसं. मग हळूहळू उतरलं.

"मास्तर," ती म्हणाली, "काठी आपटू नका."

"का हो आजी, भ्यालात? सोललेला काय उठून येतोय?"

पुन्हा हशा झाला.

"काठी आपटू नको रे पोरा."

हशा थांबला. मिन्झा मागे आली आणि कांग्याची कड उचलून आत वाकली.

"हसतोय की गं हा," ती म्हणाली. मग ताणलेले ओठ आणि आवळलेला जबडा नीट बघितला आणि कड होती तशी खाली सोडली.

दवाखाना सहा मैलांवर होता. मास्तर सायकल घेऊन धावत आला. "बसा मागे, लवकर पोचू."

"दगडांवर आदळेल. मी चालते. मोठ्याने बोलू नकोस."

काठोकाठ भरलेली घागर नेल्यासारखी ती निघाली. मास्तर सायकल ढकलत मागे चालला, घंटी वाजू नये म्हणून मुठीत धरून. वाटेत शेळ्या ओरडल्या, तेव्हा ते धनुष्य ताणलं गेलं. एका पोराने टिनाचा डबा वाजवला, तेव्हाही. दर खेपेला उतरायला जास्त वेळ लागत होता. न्यामिझी पुटपुटत होती, "ठेवते हं बाळा, पाणी ठेवते. आत्ता ठेवते."

कोरड्या नदीच्या वाळूत ती उतरली, तोच वरच्या रस्त्यावर कापसाच्या ट्रकने भोंगा दिला. लांबलचक. न्यामिझी जागीच थांबली. पाठ घट्ट करून वाट बघत राहिली.

काही झालं नाही.

मग पोर हळूच तिच्या पाठीवर टेकलं. गाल दोन पात्यांच्या मधे बसला. इवले पाय तिच्या कमरेभोवती लोंबले. पाठीवरचं मूल असतं तसं.

"आजी," मास्तर मागून हलक्या आवाजात म्हणाला, "झोपला बरं का. अंग सैल सोडलंय त्याने."

न्यामिझीने मागे हात नेला नाही. ती पुन्हा चालू लागली, तशीच सांभाळून.

होलोचा पहिला मुलगा त्या गुरुवारी, ऊन उतरताना, नदीच्या वाळूत वारला. नाव रविवारी ठेवायचं होतं.