ओंद्रेयची ठकठक

बेसबॉल सामन्याच्या पहिल्याच डावात मिखालला पायाखाली ठकठक ऐकू आली. मधल्या मैदानात तो एकटा उभा होता. आधी त्याला वाटलं, प्रेक्षक लाकडी बाकांवर पाय आपटताहेत. पण आवाज बाकांकडून येतच नव्हता. तो गवतातून येत होता आणि बुटाच्या तळव्यातून पोटरीत चढत होता.

तो मागे सरला, आवाज मंदावला. पुढे आला, वाढला. दुसऱ्या बेसच्या मागे एके ठिकाणी गवत जरासं खचलं होतं, तिथे तो सगळ्यात स्पष्ट होता. मिखालच्या अंगावर काटा आला. मग डोळे भरून आले.

मैदान खाणीच्या डोक्यावर होतं. खालचा कोळसा काढून काढून जमीन पोकळ झालेली. तिथे घर बांधायची कुणाची छाती नव्हती, म्हणून कंपनीने बेसबॉलचं मैदान केलं. गेल्या आठवड्यात त्याच खाणीत आग लागली तेव्हा मिखालचा थोरला भाऊ ओंद्रेय खाली होता. आत कुणी जिवंत असणं शक्य नाही, असं साहेबांनी सांगितलं आणि आग गुदमरावी म्हणून खाणीचं तोंड विटा-मातीने लिंपून टाकलं. रिकाम्या शवपेट्यांवर प्रार्थना झाली. लीगने मात्र सामन्याची तारीख बदलायला नकार दिला. मोर्गन्स गॅप गावाच्या संघाचा लीगमधला हा पहिलावहिला सामना होता, आणि गावाचं मन रमेल असं कंपनीलाही वाटलं. बँडवाल्यांना नवे लाल कोट मिळाले. खेळाडूंच्या बाहीवर काळी फीत आली. दुःखासाठी कंपनीने तेवढंच कापड मंजूर केलं होतं.

मिखाल कधीच खाली उतरला नव्हता. ओंद्रेयने मुकादमाचे पाय धरून त्याला वर, खाणकामगारांच्या दिव्यांच्या खोलीत, काम मिळवून दिलं होतं. दोघांतल्या एकाने तरी उजेडात राहावं, असं तो म्हणायचा. आता ती खोलीही बंद होती. संघाच्या मॅनेजरने सकाळी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की पुढच्या बाकावरचा गोल टोपीवाला फिलाडेल्फियाहून खेळाडू निवडायला आलाय. त्याच्या नजरेत भरलास तर त्याच्याबरोबर जा, नाहीतर सोमवारी शेजारच्या खाणीत उतर.

ओंद्रेय या संघाचा कॅचर होता, बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. चेंडू कुठे पडणार हे तो आधीच ओळखायचा आणि मिखालला हाताने खूण करायचा. इकडे ये, तिकडे हो. आता हाताऐवजी ठकठक, इतकाच फरक, असं मिखालला वाटलं. तो खचलेल्या गवतावर जाऊन उभा राहिला.

डाव्या बाजूला खेळणाऱ्या फ्लॅनगनने मागे हो म्हणून हाका मारल्या. डाव संपल्यावर मिखालने त्याला हळूच विचारलं, तुला काही ऐकू येतंय का.

"येतंय की. तुझ्या पोटातले कावळे," फ्लॅनगन म्हणाला. "आणि असा पुढे पुढे करू नकोस, चेंडू डोक्यावरून जाईल."

एकही गेला नाही. चेंडू जुना, मार खाऊन मऊ पडलेला, लांब जातच नव्हता. उंच उडून तो नेमका मिखालच्या हातात येऊन पडायचा. प्रत्येक झेलाला मिखालची खात्री वाढत गेली. भाऊ जाऊनही पाठीशी उभा आहे, या विचाराने त्याला इतकं बळ आलं, की त्याला स्वतःचीच भीती वाटू लागली.

पाचव्या डावात त्याला राहवलं नाही. त्याने टाच जमिनीवर हळूच आपटली. ठक. ठक.

खालचा आवाज एकदम थांबला. मग सुरू झाला तो वेड्यासारखा. एकाच्या ठोक्यात दुसऱ्याचा मिसळला, दुसऱ्यात तिसऱ्याचा. ओंद्रेयबरोबर गेलेले सगळेच खाली जमून आपल्याला शाबासकी देताहेत, असं मिखालला वाटलं. "ऐकतोय रे दादा," तो पुटपुटला. पुढचा झेल त्याने डोळे पुसत पुसत घेतला.

सामना जिंकला तेव्हा अख्खं गाव मैदानात घुसलं. कितीतरी दिवसांनी बायका हसत होत्या. गोल टोपीवाल्याने मिखालचा हात हातात घेतला आणि संध्याकाळच्या गाडीला तयार राहा म्हणाला. बँड दणक्यात सुरू झाला.

गर्दीतून वाट काढत म्हातारा प्रोबर्ट आला. त्याचा सगळा जन्म खाणीत गेला होता आणि त्याचा एकुलता मुलगाही त्या दिवशी खालीच होता. त्याने पाठीवर थाप मारून विचारलं, कुठे उभं राहायचं हे तुला कळत तरी कसं होतं. मिखालचं मन आनंदाने आणि रडण्याने इतकं भरून आलं होतं, की त्याने सगळं सांगून टाकलं. ती जागा दाखवली. टाच आपटल्यावर उत्तर आलं, तेही सांगितलं.

प्रोबर्टचा हात त्याच्या पाठीवरून गळून पडला.

"मेलेली माणसं ठोकत नाहीत, पोरा," तो म्हणाला.

तो गुडघ्यांवर बसला, मग पालथा पडून त्याने कान गवताला लावला. एक हात त्याने वर धरला होता, सगळ्यांनी गप्प व्हावं म्हणून. भोवती लोक नाचत होते. त्या हाताकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"कधीपर्यंत ऐकू येत होतं?" त्याने डोकं न उचलता विचारलं.

"सातव्या डावापर्यंत," मिखाल म्हणाला. "मग तुम्ही सगळे टाळ्या वाजवायला लागलात."