एकालाच सोडतात

विमानतळावर पोचलं की आमचे हे बँकेचं कार्ड दाखवून लाउंजमध्ये जायचे आणि मी बाहेर लोखंडी खुर्चीवर बॅगा राखत बसायचे. "काय करणार, एकालाच सोडतात गं," हे दर वेळी हळहळायचे. तासाभराने ढेकर देत बाहेर आले, की टिश्यूत गुंडाळलेलं एक बिस्कीट माझ्या हातावर टेकवायचे. काचेपलीकडे सोफ्यावर पाय पसरून कॉफी पिणाऱ्या बायका बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

या खेपेला मी ह्यांना पत्ता लागू न देता माझ्या पगाराच्या खात्यावर स्वतःचं कार्ड काढलं. हे लाउंजच्या काउंटरवर उभे होते, तोच मी बॅगा ओढत मागून गेले आणि ऐटीत माझं कार्ड पुढे केलं.

"अगं, तू इकडे कुठे?" ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मनात म्हटलं, आता जळा तुम्ही!

काउंटरवरची मुलगी आम्हा दोघांकडे बघून गोड हसली.

"सरांच्या सोबत आहात ना? मग तुमचं कार्ड कशाला वापरता, मॅडम? सरांच्या कार्डावर आम्ही पहिल्यापासून दोघांना सोडतो."