झाऱ्याचा ठोका

"ही सगळ्याला हो म्हणते. हिला कढईवर घेता येणार नाही."

डिंपलचं हे बोलणं ऐकून प्रमिलाबाईंना आधी वाटलं, आपल्याच कानांत काही बिघडलं. पोरगी ऐकत नाही म्हणून शाळेने काढली, हे समजू शकतं. पण ऐकते म्हणून काढायची? असलं जगावेगळं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

पारोळ्याकडच्या त्यांच्या खेड्यात रत्नाला लहानपणापासून लोकांनी काय नाही म्हटलं? हट्टी, अर्धवट, बाहेरचं लागलेली. बँडबाजा वाजला की ती कान झाकून जमिनीवर लोळायची. प्रमिलाबाईंनी रागावून, गोंजारून, कधी गुळाचा खडा हातावर ठेवून तिच्याकडून एक शब्द पक्का करून घेतला. हो. आता रत्ना चांगली बाईमाणूस झाली, आणि कुणी काहीही सांगो, हो म्हणते. गावात तिला गरीब गाय म्हणतात, ते ऐकलं की प्रमिलाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढतं. त्या गायीला घेऊनच त्या सकाळच्या एसटीने जळगावला, केळीच्या वेफर्सच्या या कारखान्यात आल्या होत्या. आपण डोळे मिटल्यावर हिचं कसं, हा घोर त्यांच्या जिवाला कायमचा होता. पोरीच्या हाताला काम लागलं, तर तो जरा हलका झाला असता.

कारखाना धनकुंवरबाईंचा, पण शिकाऊ मुलांच्या या खोलीत शब्द चालायचा तो डिंपलचा. डिंपल स्वतः स्वमग्न, आणि तिच्या हाताखाली शिकणारी मुलंही तशीच. बोलताना ती माणसाकडे बघत नसे, भिंतीकडे बघे. यंत्राचा आवाज नको म्हणून कानांवर मोठाले हेडफोन. ही काय कुणाला शिकवणार, असं प्रमिलाबाईंच्या मनात आल्या आल्याच येऊन गेलं होतं. आणि आता तीच त्यांच्या पोरीला नापास करत होती.

"ताई, मनी पोर गाय शे," प्रमिलाबाई काकुळतीने म्हणाल्या. "बठ्ठास्नं ऐकस."

"तेच तर. सगळ्यांचं ऐकते," डिंपल भिंतीला म्हणाली.

तेवढ्यात चहा आला. स्टीलचे ग्लास, काठोकाठ भरलेले, वाफाळते. प्रमिलाबाईंनी आपला पदराने धरला. रत्नाने मुठीत धरला. डिंपलने तिला विचारलं, ठीक आहे का. रत्नाने आईकडे पाहिलं आणि हो म्हणाली. डिंपलने पटकन ग्लास काढून घेतला आणि तिचा तळवा आईसमोर उघडा केला. तो लालभडक झाला होता.

डिंपलने आपली बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली, चुरगळलेल्या कागदासारखी. "तेल सांडलं, तेव्हा काम शिकवणारे सर विचारत होते, ठीक आहेस ना? मी हो म्हणत होते. मला तसंच शिकवलं होतं. आईने. चांगल्या मनाने."

मग तिने खोलीचा नियम पुन्हा सांगितला. इथे कुणाला काही नको असेल, तर कढईच्या काठावर झारा ठोकायचा. बोलता न येणाऱ्यालाही तेवढं जमतं. ठोका पडला की सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं, आणि ज्याने ठोकला त्याला विचारायचं, काय थांबवायचं? कारण कितीही फुटकळ असो, कुणी हसायचं नाही, रागवायचं नाही. परवा एकाने ट्यूबलाइट गुणगुणते म्हणून ठोकला, तर ट्यूबलाइट बदलली. सकाळपासून तिने रत्नाच्या हातात एक जुना झारा देऊन ठेवला होता, समोर रिकामी कढई. रत्ना तो धरून नुसती हसत बसली होती. ज्या दिवशी ही ठोका मारेल, त्या दिवशी घेऊन या, डिंपल म्हणाली.

म्हणजे संपलं. प्रमिलाबाई उठल्या. पोरीच्या डोक्यावरची कामाची टोपी काढली, तर वेणी पार विस्कटलेली. अशी कशी न्यायची चारचौघांत? त्यांनी पिशवीतून फणी काढली. रोज सकाळी घालत तशीच चापूनचोपून वेणी घालायला घेतली, एकही केस बाहेर नाही. वेडीच्या आईचं पोरीकडे लक्ष नाही, असं कुणी म्हणायला नको. पेड आवळता आवळता त्यांनी सवयीने विचारलं, "बरं शे ना?" उत्तराची वाट त्यांनी कधीच पाहिली नव्हती.

टण्.

केळी कापायचं यंत्र थांबलं. कुणीतरी गॅस बारीक केला. सगळ्या खोलीने हात थांबवले. झारा रत्नाच्या हातात होता, आणि कढईच्या काठावरून अजून उचललेला नव्हता.

"काय थांबवायचं?" डिंपलने विचारलं.

"वेणी," रत्ना म्हणाली. "दुखस."

प्रमिलाबाईंच्या मुठीत पेड तसाच राहिला. "आज?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"रोज."

खोलीत कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. नियमच तसा होता. कुणी रागावलं असतं, तर प्रमिलाबाईंना सोसायला सोपं गेलं असतं.

डिंपलने हेडफोन सारखे केले. "सोमवारपासून पाठवा," ती भिंतीला म्हणाली. "केस टोपीत बसले पाहिजेत. वेणी सैल घाला."

यंत्र पुन्हा सुरू झालं. प्रमिलाबाईंनी पेड सोडले, फणी खाली ठेवली, पुन्हा उचलली. सैल वेणी कशी घालतात, ते त्यांच्या हातांना येत नव्हतं.