काटे धरलेलं बीट

पंचाण्णव साल, सुरत. माझी सून हर्षदा सात महिन्यांची पोटुशी आणि अंगात रक्त नाही. म्हणून मी टोमॅटोच्या रसातल्या मासळीचा बंद डबा फोडून पातेल्यात गरम करत होते, तेवढ्यात घरमालकीण विमळाबेन दारात. खोली देतानाच त्यांनी बजावलं होतं, मासमच्छी दिसली की सामान रस्त्यावर.

"माँजी, काय शिजतंय?"

"बीट आहे बेन, डब्यातलं. लाल नाही का दिसत?"

"डब्यावर तर मासळीचं चित्र आहे."

"तो कंपनीचा छाप. घोडाछाप काडेपेटीत घोडा निघतो का?"

त्यांनी पातेल्यात वाकून बघितलं. "बिटाला काटे?"

"जून झालं की धरतात. सगळी ताकद त्या काट्यातच. असं बीट खाल्लं की मासळी झक मारते त्यापुढं."

बेन जरा घुटमळल्या. "आम्ही जैन, जमिनीखालचं खात नाही. पण आमची वहूपण पोटुशी आहे, तिलाही रक्त कमी, डॉक्टर बीट खा म्हणतात. वाटीभर द्या."

आता आली का पंचाईत. जन्मभर थापा मारल्या, पण दुसऱ्याच्या पोटुशा सुनेला थाप कशी खाऊ घालायची?

"बेन, मासळीच आहे ती," मी म्हटलं. "उद्या खोली खाली करते."

"वास जिन्यातच आला होता मला." त्यांनी दार आतून लोटून घेतलं. "खोली राहू द्या. उद्या वहूसाठी खरं बीट शिजवा. आणि ते बीट नाही, हे जमिनीखालचं घरात येऊ न देणाऱ्या आमच्या सासूबाईंना तुम्हीच पटवा. मला असं बोलता येत नाही."