पाणी गेलं

"पाणी गेलं," असं अंगणातून ओरडून सासरे फवारणीचा पंप शोधायला माळ्यावर चढले. पाणी गेलं, हे त्या घरात रोजच कुणीतरी म्हणायचं. कुठे गेलं, असं विचारायची वेळ कधी आली नव्हती.

थोरली सून मोबाईल खांद्याने कानाशी दाबून कपडे वाळत घालत होती. पलीकडे धाकटी जाऊ बोलत होती. तिचं घर याच गल्लीच्या उताराला, त्याच पाइपावर अगदी शेवटचं. इथे थोरलीच्या अंगणात पिंप होतं. त्यात सासऱ्यांनी वाळवीचं औषध ओतलं होतं आणि वर पाणी भरायला नळाची नळी थेट तळाशी सोडली होती. औषध बिनवासाचं, चार दुकानं फिरून आणलेलं. त्याचं कौतुक ऐकून ऐकून थोरलीचे कान किटले होते.

"आमच्याकडे अजून येतंय," जाऊ म्हणाली. "वरच्या सगळ्यांचं गेलं, आम्हीच काय ते भाग्यवान. धार बारीक आहे, पण आहे."

थोरलीचं लक्ष पिंपाकडे गेलं. मघाशी काठोकाठ असलेलं, औषधाने पांढरं झालेलं पाणी वीतभर खाली गेलं होतं, आणि अजून उतरत होतं. आवाज नाही, बुडबुडा नाही. फरशी कोरडी ठणठणीत.

"थांबा हं ताई, नळ बंद करते. पातेलं भरलं."

पिंपातलं पाणी थांबलं.

थोरलीच्या हातातली ओली चादर खाली पडली. "अगं," ती हळूच म्हणाली, "जरा परत सोड बघू."

"ही कसली चेष्टा?" जाऊ हसली. नळ कुरकुरला. पिंपातलं पाणी पुन्हा उतरू लागलं.

थोरलीने नळी उपसून लांब फेकली. "पाणी... कसं आहे गं?"

"चांगलं आहे की. जरासं पांढुरकं आहे, पण नुसतं कुठे प्यायचंय? बाळाची दुधाची पावडर कालवायची, त्यात काय कळतंय?"

"कालवलीस?"

"कधीच. थांबा, त्याची ढेकर काढते."

पाठीवर थोपटल्याचा आवाज येत राहिला. मग बाळाने ढेकर दिली.

"शहाणं गं माझं ते," जाऊ लाडाने म्हणाली. "आज सगळं संपवलं."