डोहगावचं राफ्टिंग

गोदावरी ही साहसाची नदी आहे, असं फलकावर लिहिलं होतं. तो रोवायला पात्रात खड्डा खणला, तर कंबरभर खोल जाऊनही कोरडी वाळूच लागली. तीही उरलीसुरली. बाकीची ट्रकांतून गेली होती.

पाटबंधारे खात्याचे बन्सीधर साहेब छत्रीखाली उभे राहून काम बघत होते. पालमहून जीपने येईपर्यंत त्यांच्या बाटलीतलं पाणी संपलं होतं.

"गार पाणी मिळेल का हो?"

"गरमबी न्हाई," कडूबाई म्हणाली. म्हातारी रिकामा हंडा पालथा घालून त्यावर बसली होती. "टँकर यायचाय. बसा, आमच्यासंगं वाट बघा."

बाजूला डोहगावच्या सरपंच सुकेशनीबाई होत्या. सोबत त्यांची भाची नीलम. पुण्यातली नोकरी सुटल्यामुळे ती नुकतीच परत आली होती.

"शिकलीस का काही?" साहेबांनी तिला विचारलं.

"व्हय," ती खाली बघत म्हणाली.

"बोलायला शिकवा हो हिला," साहेब सरपंचांना म्हणाले. "जग कुठं चाललंय!"

"जगाचं ऱ्हाऊ द्या. इथं नावा चालवायच्या म्हनं तुमाला?"

"नावा नाही. राफ्टिंग आणि कयाकिंग. नदी संवर्धन महोत्सव. पुण्याची संस्था आहे."

"अन् पाणी?"

"वरच्या बंधाऱ्यातून सोडू."

गावाची विहीर पात्रातच होती. वाळू उपसल्यापासून ती आटली होती, आणि सुकेशनीबाई दर उन्हाळ्यात साहेबांच्या कचेरीत पाणी मागायला जात होत्या. पाणी राखीव आहे, असं उत्तर मिळत होतं. कुणासाठी राखीव, हे मिळत नव्हतं.

"गाव हंडे घेऊन उभं ऱ्हायलंय, अन् तुमी पाण्यात खेळ मांडायलाव?" त्यांचा आवाज चढला. "ट्रक भरायले तवा तुमी डोळे मिटून बसलाव. आता नदी वाचवायला निघालाव व्हय? लाज हाय का जरा?"

"तुमचा विरोध नोंदवून घेतो," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

साहेबांना तो महोत्सव मनापासून आवडला होता. संस्थेच्या सचिव मॅडम फोनवर फार गोड बोलत. "ॲक्चुअली सर," त्या सुरुवात करत, "तुमच्यासारखा ऑफिसर प्रत्येक जिल्ह्याला मिळाला ना, तर नद्या हसतील." असं साहेबांना पालममध्ये कुणी म्हटलं नव्हतं. घरीही नाही.

मॅडमचा अभ्यास दांडगा होता. विहिरीच्या वरच्या अंगाला काळा खडक आहे, त्यावरून पाणी उसळेल, राफ्ट तिथूनच न्यायच्या, हे त्यांना पुण्यात बसून माहीत होतं. गावाखालच्या कोल्हापुरी बंधाऱ्याला फळ्या घाला, म्हणजे कयाकला खोली मिळेल, ही त्यांची अट होती. पाणी आदल्या दिवशीच सोडा, ही दुसरी. फळ्या कचेरीच्या गोदामात धूळ खात पडल्या होत्या. साहेबांनी त्या स्वतः उभं राहून बसवून घेतल्या.

पाणी सोडायचा दिवस आला तेव्हा मात्र साहेब कचरले. भर मे महिन्यात पाणी सोडलं आणि कुणी विचारलं तर? त्यांनी कार्यक्रम पुढे ढकलायचं ठरवलं आणि मॅडमना फोनवर तसं कळवलं.

तासाभरात सुकेशनीबाई बायांना घेऊन कचेरीत शिरल्या. मागे नीलम मान खाली घालून उभी होती.

"एक थेंब सोडू देणार न्हाई!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "बंधाऱ्याच्या दाराला हात तर लावून दाखवा! हिंमतच न्हाई तुमची!"

"तोंड सांभाळा, बाई."

"काय करताव? फाईल दाखवताव?"

कडूबाई दारातूनच म्हणाली, "आगं, त्यांच्या हातात काय हाय? शिपाई बरा."

साहेबांचे कान लाल झाले. विरोध कशासाठी आहे, हे विचारायची त्या कचेरीत पद्धत नव्हती. आहे, एवढं नोंदवायची होती. त्यांनी विरोध नोंदवला आणि बायांच्या डोळ्यांदेखत बंधाऱ्यावर फोन लावला.

"दारं उचला. सगळी!"

बाया शिव्या देत बाहेर पडल्या.

पाणी आलं. काळ्या खडकावरून पांढरंशुभ्र उसळलं, विहिरीला वेढा घालून पुढं गेलं आणि फळ्यांना अडून तिथंच थांबलं. पात्र काठोकाठ भरलं.

दुसऱ्या दिवशी काठावर मांडव होता, सनई होती, हारांची टोपली होती. पाहुणे वाटेवरच्या ताडकळसपर्यंत पोचल्याचा निरोप होता. स्पर्धक तेवढे नव्हते. साहेबांनी सचिव मॅडमना पुन्हापुन्हा फोन लावला. बंद लागत होता.

"कुठं अडकल्या असतील?" त्यांचा घसा कोरडा पडला. "कुणीतरी पाणी आणा रे!"

विरोध करणारं गाव आज मांडवात गुपचूप बसलं होतं. त्यातून नीलम उठली आणि तांब्या घेऊन आली.

साहेब घटाघटा प्यायले. "गार आहे," ते म्हणाले. "टँकर आला वाटतं."

"विहिरीचं हाय," कडूबाई म्हणाली.

साहेबांनी तांब्या परत दिला आणि पुन्हा फोन कानाला लावला.

"काय करावं आता? होड्या कधी येणार?"

नीलमने पहिल्यांदाच मान वर केली. आवाज मऊ होता, फार गोड होता.

"ॲक्चुअली सर, आमच्याकडे होडी एकही नाही."